फिलिपिन्समधली वादळं: मदतीचा पैसा गल्लीच्या हातात द्यावा की सरकारच्या?

दर्यावर्दी

आमच्या जहाजावर निम्मे खलाशी फिलिपिनो. नोव्हेंबर २०२५ मध्ये कालमेगी वादळ (त्यांच्याकडे त्याला 'तिनो' म्हणतात) सेबू बेटावर आलं आणि आमच्या बोसनचं (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) तिथल्या तालिसायमधलं घर माननगा नदीच्या पुरात गेलं. मेसमध्ये लगेच वर्गणी निघाली. वाद झाला तो पैसे कुठे पाठवायचे यावर. कुणी म्हणे मोठ्या संस्थेला, कुणी म्हणे थेट त्याच्या बरांगायला. बरांगाय म्हणजे तिकडची सगळ्यात खालची निवडून आलेली यंत्रणा, आपल्या ग्रामपंचायतीसारखी.

माझं मत पक्कं आहे: रोख पैसे आणि ते खर्च करायचा निर्णय, दोन्ही तिथल्या लोकांच्याच हातात हवं. २०१३ च्या हैयान वादळानंतर लेते बेटावरच्या टाक्लोबान शहरात तैवानच्या त्झू ची संस्थेने लोकांना स्वतःच्याच गल्लीतला ढिगारा उपसायचे रोज ५०० पेसो दिले. तिथल्या किमान मजुरीच्या जवळजवळ दुप्पट. घर गमावलेली माणसं फावडी घेऊन उतरली, रस्ते मोकळे झाले आणि हातात पैसा आल्यावर छोटी दुकानंही उघडायला लागली. सेबूजवळच्या कामोतेस बेटांवरचं सान फ्रान्सिस्को घ्या. तिथे वाडीवाडीच्या समित्या आहेत, त्यांना पुरोक म्हणतात. हैयानच्या आदल्या दिवशी या लोकांनी तुलांग दियोत हे चिमुकलं बेट अख्खं रिकामं केलं. बेटावरची घरं भुईसपाट झाली, पण माणूस एकही गेला नाही. हे काम मनिलातून कुणी येऊन केलेलं नाही.

हिशेबनीस

तुलांग दियोतचं उदाहरण मोलाचंच आहे, पण ते वादळाच्या आधीचं. वादळानंतरचं बोलूया.

मदत कुणाला द्यायची, ती यादी कोण करतं? बरांगायचा कप्तान, म्हणजे निवडून आलेला माणूस. त्याला पुढची निवडणूक लढवायची असते. २०२० च्या लॉकडाऊनमधली सरकारी रोख मदत आठवा. त्यात घोळ केल्याबद्दल कितीतरी बरांगाय पदाधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. नदीकाठी भाड्याने राहणारे, ज्यांच्या नावावर जमीन नाही असे, हेच आधी बुडतात आणि यादीतून आधी गळतातही.

शिवाय हैयानमध्ये अधिकृत आकड्यानुसार ६,३०० माणसं गेली. टाक्लोबानचे पोलीस, नर्स, पालिकेचे कर्मचारी स्वतःच वादळग्रस्त होते. मदतीला धावणारी गल्लीच जागेवर नसेल तर काय करायचं? तेव्हा जहाजं, विमानं, सैन्य लागतं. ते सरकारच आणू शकतं.

श्रीवर्धनची लेक

दोघंही पहिल्या पंधरवड्याचंच बोलताय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याकडे आलं, तेव्हा माहेरची सुपारीची बाग आडवी झाली. धान्याची पाकिटं आली, ताडपत्र्या आल्या, लोक मनापासून राबले. पण सुपारीचं रोप लावल्यापासून हाताला उत्पन्न लागायला किती वर्षं जातात, हे बागायतदाराला विचारा.

लेते आणि शेजारच्या सामार बेटावर हैयानने नारळाची कोट्यवधी झाडं मोडली किंवा खिळखिळी केली. तिथे एक गोष्ट फार चांगली झाली. पडलेली झाडं कुजली की त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या माडांनाही पोखरतो. म्हणून गावोगाव यांत्रिक करवती दिल्या, लोकांनी खोडांच्या फळ्या पाडल्या आणि त्याच फळ्या घरांना लागल्या. कुठलं खोड कापायचं, फळी कुणाच्या घराला द्यायची, हे गाव ठरवू शकतं. पण करवती, रोपं आणि मधल्या वर्षांत पोटाला काय, हे गावाच्या आवाक्यातलं नाही. हिशेबनीस, तिथे मी तुमच्या बाजूची.

दर्यावर्दी

ताई, करवतींचं पटलं. पण सरकारवर सोडा म्हणताना सरकार गल्लीतल्या लोकांशी कसं वागतं तेही बघा. एप्रिल २०२१ मध्ये आना पात्रिसिया नॉन या तरुणीने क्वेझॉन सिटीच्या मागिनहावा रस्त्यावर एका ढकलगाडीवर भाजी, तांदूळ ठेवला. ज्याला जमेल त्याने द्यावं, ज्याला लागेल त्याने न्यावं. बघता बघता देशभर अशा गाड्या उभ्या राहिल्या. आणि तिला काय मिळालं? कम्युनिस्ट असल्याचा शिक्का आणि पोलिसांच्या चौकशा.

सरकारचं पाकीट वाईट नसतं. सहा किलो तांदूळ, मासे नि मांसाचे डबे, कॉफी. पण बोसनच्या बायकोने कळवलं की तांदूळ आहे, छपराला पत्रे नाहीत. ही गरज पाकीट भरणाऱ्याला कशी कळणार?

हिशेबनीस

बोसनच्या बायकोचा निरोप जहाजापर्यंत पोहोचला, कारण तिचा नवरा जहाजावर आहे. शेजारच्या घरातला कुणी परदेशात नसेल तर? परदेशातून येणारा पैसा आणि ओळखीने येणारी मदत ज्याचं कुणीतरी बाहेर आहे त्याच्याच दारी आधी जाते. ही दरी भरणं हे सरकारचं काम आहे. त्यासाठी २०१० पासून कायदाही आहे. स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचे किमान ५ टक्के आपत्ती निधीला ठेवायचे, त्यातले ३० टक्के तातडीच्या मदतीला. गरीब गावाच्या उत्पन्नाचे ५ टक्के म्हणजे हातात काय उरतं, ते तुम्हीच बघा.

आणि 'फिलिपिनो माणूस चिवट, एकमेकांना सांभाळून घेतो' या कौतुकाचा मला राग येतो. २०२५ मध्ये पूरनियंत्रणाची कागदावरची कामं उघडकीला आली, २१ सप्टेंबरला मनिलात लोक रस्त्यावर उतरले. दीड महिन्यात सेबू बुडालं, तेव्हा सेबूच्या गव्हर्नर पामेला बारिक्वात्रो यांनीच जाहीरपणे विचारलं की पूरनियंत्रणाला २६ अब्ज पेसो आले, तरी आम्ही बुडालो कसे? त्या पैशाचा जाब मागायचा सोडून आपण लोकांच्या चिवटपणाच्या गोष्टी सांगत बसलो, तर चोरी करणाऱ्याचं फावतं.

दर्यावर्दी

जाब मागायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण तो निकाल लागेपर्यंत पाऊस थांबत नाही. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकामागोमाग सहा वादळं आली तिकडे. म्हणून आमची वर्गणी पत्रे आणि खिळ्यांवर जाणार. खरेदी गल्लीतल्या बायका करतील, कुणाला किती पत्रे दिले ते चर्चच्या दारावर नावानिशी लागेल आणि ज्याला आक्षेप आहे त्याने तिथेच बोलायचं.

हिशेबनीस

यादी दारावर लागणार हे ठीक. पण त्यात भाडेकरूंची नावं आहेत का? पत्रा घरमालकाला मिळणार की आत राहणाऱ्याला? बोसनला विचारून इथे लिहा.