औद्योगिकीकरण, औद्योगीकरण की उद्योगीकरण?

कोथरूडहून

मुलगी नववीत आहे. निबंधाचा विषय होता ‘विकसनशील देश आणि औद्योगिक प्रगती’. तिने सगळीकडे ‘औद्योगिकीकरण’ लिहिलं. वही परत आली तेव्हा सहा ठिकाणी तांबडी रेघ आणि वर दुरुस्ती, ‘औद्योगीकरण’. गुण गेले त्याचं काही वाटत नाही, पण तिने विचारलं, ‘बाबा, माझं चुकलं कुठे?’ आणि मला सांगता आलं नाही. घरातली वर्तमानपत्रं काढून बसलो तर दोन्ही रूपं सापडली, शिवाय ‘औद्योगिकरण’ हे तिसरंही. माझ्या आजोबांच्या तोंडी यातला एकही शब्द नव्हता, ते सरळ ‘कारखानदारी’ म्हणायचे. नक्की बरोबर कोणतं? आणि ‘विकसनशील’ मधलं ‘शील’ तिथे काय करतंय, हा तिचा दुसरा प्रश्न. जाणकारांनी कृपया सांगावं.

चिंचवडहून

मुलीला आधी सांगा की तिचं बरोबर आहे. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ही चूक दाखवताना मुलांच्या बरोबर शब्दांवर रेघ ओढली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कारण. संस्कृतात च्वी नावाचा एक प्रत्यय आहे. ‘जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं किंवा करणं’ हा त्याचा अर्थ. तो लागला की शब्दाच्या शेवटच्या ‘अ’चा ‘ई’ होतो. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं, म्हणून शुद्धीकरण. (इथे ‘शुद्धि’ हा शब्द नाहीच, मूळ शब्द ‘शुद्ध’ आहे, म्हणून दुसरी वेलांटी.) आधुनिक नव्हतं ते आधुनिक केलं, आधुनिकीकरण. त्याच वाटेने औद्योगिक नव्हतं ते औद्योगिक केलं, औद्योगिकीकरण. दोन ‘क’ जवळजवळ येतात, जीभ अडखळते, म्हणून बोलताना एक गळतो हे समजण्यासारखं आहे. पण ‘औद्योगीकरण’ फोडून पाहा. ‘ई’च्या आधी उरतो ‘औद्योग’, आणि तसा शब्द मराठीत नाही. हिंदीत मात्र हे रूप सर्रास चालतं, तिथूनच ते आपल्या छापखान्यांत आलं असावं असं मला वाटतं. ‘औद्योगिकरण’ मध्ये तर ‘क’ही गेला आणि ‘ई’ही गेली. ‘उद्योगीकरण’ व्याकरणाने निर्दोष आहे, कारण ‘उद्योग’ला प्रत्यय लावला तर तेच होईल. आटोपशीरही आहे. मला ते आवडतं, पण रुळलेलं नाही.

एक जवळचा शब्द यात मिसळू नये. शेतात बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला तर ते यांत्रिकीकरण. त्याने गावात उद्योग उभा राहिला असं होत नाही. मुलांच्या निबंधांत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात, आणि तिथे खरोखर तांबडी रेघ हवी.

आता आजोबांच्या ‘कारखानदारी’कडे येते, कारण मला त्यातच जास्त रस आहे. ‘कारखाना’ फारसी. कार म्हणजे काम, खाना म्हणजे घर किंवा जागा. पण शिवकाळात आणि पेशवाईत कारखाना म्हणजे माल तयार करण्याची जागा एवढंच नव्हतं. राज्याच्या अठरा कारखान्यांत तोफखाना होता, तसा हत्तींचा पीलखाना, स्वयंपाकाचा मुदपाकखाना, शस्त्रांचा शिलेखानाही होता. कारखाना म्हणजे एक खातं, त्याचं कोठार, त्यावरची माणसं आणि हिशेब. तो हिशेब पाहणारा कारखानीस. ते आडनाव पुण्यात आजही आहे. यंत्र आलं तेव्हा नवा शब्द घडवावा लागला नाही, जुनी जागाच त्याला दिली.

मजा म्हणजे आज पुणे जिल्ह्यातच हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बारामती, इंदापूरकडे ‘ते कारखान्यावर गेलेत’ म्हटलं की साखर कारखाना, दुसरा कुठला नाही. ‘यंदा कारखाना कधी सुरू होणार’ म्हणजे गाळप कधी. याला कारण आहे. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यानंतर पश्चिम महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने जवळून पाहिलेला, ज्याचा तो सभासद होता असा कारखाना हाच. गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्र शिकवणारे, आणि हा कारखाना नगर जिल्ह्यात लोणीजवळ, उसाच्या शेतांत. हे दोन टोकांचे लोक एकत्र आले म्हणून त्या शब्दाला आज गावात इतकं वजन आहे.

चिंचवड-पिंपरीत मात्र कुणी कारखान्यात जात नाही. ‘कंपनीत’ जातो. माझे वडील टर्नर होते. सकाळी सहाला डबा घेऊन निघायचे आणि आई शेजारणीला सांगायची, ‘हे कंपनीला गेले.’ या शब्दाचाही विचार करा. पुण्याच्या कानावर ‘कंपनी’ आली ती 1818 ला, पेशवाई बुडाली तेव्हा, आणि ती सरकार म्हणून आली. ‘कंपनी सरकार’ हा तेव्हाचा शब्द. पुढे खडकीला 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर, 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात स्कूटर आणि ट्रक बनवणारे आले, आणि 1 ऑगस्ट 1962 ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. त्या महामंडळाचं नाव कुणी उच्चारत नाही, ‘एमआयडीसी’ हे मात्र आता गावाच्या नावासारखं झालं आहे. ‘एमआयडीसीत खोली घेतली’, ‘एमआयडीसीच्या मागे राहतो’. चाकणचा माणूस म्हणतो, रांजणगावचाही म्हणतो. कार्यालयाचं नाव जागेला आणि जागेचं नाव जगण्याला लागलं. माझ्या दृष्टीने औद्योगिकीकरण झालं याची खूण ही.

‘पाळी’ आणि ‘शिफ्ट’ बद्दलही लिहिते. रात्रपाळी, पहिली पाळी हे मराठीतले जुने, सोयीचे शब्द. पण बायका कंपन्यांत कामाला लागल्या तसं ‘माझी पाळी आहे’ हे वाक्य त्यांना चारचौघांत बोलवेना. त्या ‘शिफ्ट’ म्हणू लागल्या. इंग्रजीचं आक्रमण म्हणून याच्यावर टीका झालेली मी ऐकली आहे. ती अन्यायाची आहे.

भोसरीहून

बाई, च्वी प्रत्ययाचं पहिल्यांदाच कळलं, आभार. पण माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. माझं छोटं वर्कशॉप आहे, तीन लेथ (लोखंड फिरवत ठेवून कापणारं मशीन), एक मिलिंग, दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन. चोवीस वर्षांत शॉपमध्ये ‘औद्योगिकीकरण’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. बरोबर लिहिला काय, चूक लिहिला काय, तो आमचा नाहीच. ‘तंत्रज्ञान’ही नाही. आम्ही ज्यावर काम करतो त्या तुकड्याला जॉब म्हणतो, मशीन कामासाठी लावण्याला सेटिंग म्हणतो, सगळं इंग्रजी. कामाचे शब्द घडवायचं राहून गेलं आणि भाषणाचे शब्द घडवून ठेवले, असं मला वाटतं.

चिंचवडहून

दादा, तुमचं म्हणणं टाकण्यासारखं नाही. पण ‘सगळं इंग्रजी’ हे मला पटत नाही, कारण मी वडिलांचं बोलणं ऐकत वाढले. तुम्ही बोल्टला थ्रेड पाडता की आटे? घासायला फाइल घेता की कानस?

आणि ‘तंत्र’ला एवढं परकं करू नका. ‘तन्’ म्हणजे ताणणं. वेदांच्या काळात तंत्र म्हणजे माग, मागावर ताणलेला ताणा. तंतू त्याच घरातला. म्हणजे हा शब्द मुळात कारागिराच्या हातातला आहे, व्यासपीठावर तो फार नंतर गेला. ‘यंत्र’ आवरण्यावरून आला, ‘यम्’ धातूवरून, जे ताब्यात ठेवतं ते. ‘उद्यम’ही त्याच ‘यम्’चा.

‘उद्योग’ तर आपण रोज घरात वापरतो. ‘उद्योगाचे घरी ऋद्धी सिद्धी पाणी भरी’ ही म्हण आहे, आणि पोराने घड्याळ उघडून ठेवलं की ‘नसते उद्योग करू नकोस’ हेही आहे. ‘उद् + युज्’, स्वतःला कामाला जुंपणं. जुंपणं हा बैलांचा शब्द. या म्हणीतला उद्योग माणसाचा गुण होता. तो क्षेत्राचं, धोरणाचं नाव झाला हा अलीकडचा बदल, आणि त्यात माणूस शब्दातून बाहेर पडला हे मला खटकतं. ‘तो उद्योगी आहे’ हे कौतुक हल्ली कमी ऐकू येतं.

भोसरीहून

बाई, आटेच. आणि कानसच. तुम्ही बरोबर पकडलंत. जेवणाच्या सुट्टीत आमच्या जुन्या फिटरशी बसलो आणि कागदावर लिहीत गेलो. ऐरण, छिन्नी, सांडशी, भाता, पक्कड, पाना, साचा, भट्टी, वंगण. वंगण तर बैलगाडीच्या आसाचं, तेच आता स्पिंडलला, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याला. आटे गेले, आटे पाडले, हे रोजचं.

त्यांनी एक गोष्ट करून दाखवली ती लिहितो. छिन्नीला पाणी द्यायचं. टोक लालबुंद होईपर्यंत तापवलं, दोन बोटं पाण्यात बुडवलं, लगेच बाहेर काढून घासून चकचकीत केलं. मागचा भाग अजून गरम असतो. ती उष्णता पुढे सरकते तसे टोकावर रंग चढतात. आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. जांभळा धारेपर्यंत आला की पुन्हा पाण्यात. पिवळ्यावर थांबवलं तर घाव घालताना धार तुटेल, निळा सरून गेला तर धार वळेल. हे सांगताना त्यांच्या तोंडी एकही इंग्रजी शब्द नव्हता. त्यांचे वडील जुन्नरकडे लोहार होते, ते विळ्या-कोयत्यांना असंच पाणी द्यायचे. आम्ही हेच काम बाहेर पाठवतो, चलनावर ‘हार्डनिंग, टेंपरिंग’ लिहून.

अजून एक. सळईचं माप अजून सुतात. चार सुती म्हणजे अर्धा इंच, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या सीएनसीवर जॉब दहा मायक्रॉनमध्ये मागतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका सुतात असे एकतीसशेच्या वर मायक्रॉन बसतात. लोखंड आणायला जातो तेव्हा ‘सहा सुती’ म्हणतो आणि शेडमध्ये येऊन मायक्रॉनमध्ये बोलतो. माझ्या तोंडात दोन्ही आहेत, हे आजपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

चिंचवडहून

दादा, हे वाचून मला वडिलांच्या हाताचा वास आठवला, तेलाचा आणि लोखंडाचा. फार बरं वाटलं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना भीती होती, नांगर विकायला त्यांना फार वाट पाहावी लागली. पुढे 1910 ला किर्लोस्करवाडी वसली. लोक वस्तूला घाबरले, पण शब्द त्यांचाच होता. नांगर, फाळ. नवी वस्तू जुन्या नावाने घरात आली. कामाचे शब्द घडवायचं राहून गेलं असं तुम्ही म्हणालात. मला वाटतं काही घडवावे लागलेच नाहीत, ते लोहाराकडून, सुताराकडून, मागवाल्याकडून चालत आले. राहिलं ते कोशांचं. हे सगळे शब्द परिभाषेत ठळकपणे यायला हवे होते आणि तिथे संस्कृतातून नवे घडवले गेले. आयटीआयच्या पोराला ‘आटे’ घरी शिकायला मिळतो आणि पुस्तकात दुसरंच काही.

कोथरूडच्या दादांच्या मुलीचा दुसरा प्रश्न राहिला. शील म्हणजे स्वभाव, सवय. सहनशील, सोसणं ज्याच्या स्वभावात आहे तो. तसा विकसनशील, वाढत राहणं ज्याचा स्वभाव आहे तो. ‘कस्’ला ‘वि’ लागून फुलणं, उमलणं. विकसित कमळ म्हणतो तेच. म्हणजे विकसित हे उमलून झालेलं आणि विकसनशील हे उमलत असलेलं. पूर्वी अविकसित, अल्पविकसित म्हणायचे, त्यात फक्त उणं होतं. विकसनशीलने ते उणं काढून टाकलं हे चांगलं झालं. पण शील म्हणजे कायमचा स्वभाव, त्यामुळे देश सदैव त्याच पायरीवर राहणार असाही अर्थ त्यातून निघतो, आणि जो देश विकसित झाला त्याची वाढ थांबली असाही. मुलीला हा प्रश्न आपणहून पडला याचं मला विशेष वाटतं.

कोथरूडहून

बाई, दादा, दोघांचे मनापासून आभार. तिने वही घेऊन सरांना च्वी प्रत्यय समजावून सांगितला. सर शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, पाहतो. निबंधात तिने आता ‘आटे’, ‘सूत’ आणि छिन्नीचे चार रंग घातलेत. एकच अडलंय. लेथवर लोखंडाची जी स्प्रिंगसारखी वळलेली फीत निघते तिला काय म्हणतात?

भोसरीहून

आम्ही चिप्स म्हणतो, त्याला आमच्याकडे मराठी नाही. जुन्या फिटरनाही विचारलं, ते म्हणाले, सुताराच्या रंध्यातून निघतो तो ढलपा, तेच म्हणा. तिला एकदा शेडवर घेऊन या, बघून तीच ठरवेल. गुरुवार सोडून कधीही, गुरुवारी आमची सुट्टी. येताना पायात बूट घालायला सांगा, चपला नकोत, त्या फितीला फार धार असते.