स्वप्नफलक, कृतज्ञतेची वही आणि आपण : तुमचे अनुभव सांगा

मोगरा_दारी :
दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून कार्डशीटची एक गुंडाळी खाली आली. नोकरीला नुकती लागले होते तेव्हा एका कार्यशाळेत आम्हा सगळ्यांकडून ‘स्वप्नफलक’ करून घेतला होता, त्यातला हा माझा. मधोमध वर्तमानपत्राच्या पुरवणीतून कापलेला बंगला आहे आणि त्याच्या कोपऱ्यात बिल्डरचा अर्धा दूरध्वनी क्रमांक तसाच राहिला आहे. बाजूला आल्प्समधली लाल आगगाडी, पहाटे धावणारी एक सडपातळ बाई, आणि खाली स्केचपेनने लिहिलेले वाक्य, ‘हे सर्व मला मिळाले आहे, त्याबद्दल मी आभारी आहे.’ जे हवे ते मिळूनच गेले आहे असे समजून लिहायचे, रोज रात्री झोपण्यापूर्वी डोळे मिटून ते पाहायचे आणि आभार मानून झोपायचे, अशी सक्त सूचना होती.

लेकीने फलक उलगडून विचारले, “आई, यातलं काय काय मिळालं?” बंगल्याच्या जागी हडपसरला दोन खोल्यांची सदनिका मिळाली, आगगाडी राहिली ती राहिलीच, आणि फलकावर ज्याचा मागमूस नव्हता ते पोहणे मी चाळिशीनंतर शिकले, ज्याने माझे दिवस खरोखर बदलले. उत्तर देताना माझ्या मनात आले की इथल्या अनेकांनी हा प्रकार कधी ना कधी केला असेल. डोळ्यांसमोर चित्र आणून आणि आभार मानून कोणाला काय मिळाले, काय मिळाले नाही, हे सविस्तर वाचायला आवडेल. टोमणेही चालतील, फक्त ते अनुभवाला धरून असावेत.

पेठेतला_बाक :
आमच्या अभ्यासिकेत फलक नव्हता, पाट्या होत्या. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या निम्म्या मुलांच्या टेबलावर ‘भावी उपजिल्हाधिकारी’ असे लिहिलेले असायचे आणि वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या नावाआधी पदनाम असायचे. माझ्या शेजारच्या बाकावरचा मित्र तर गावच्या सत्कारात करायच्या भाषणाचा सराव करत असे, आणि ते भाषण उत्तम होते, हे मी आजही मान्य करतो. अडचण अशी होती की भाषण संपले की त्याला इतके समाधान वाटे की त्या रात्री पुस्तक उघडले जात नसे.

पुढे मानसशास्त्राच्या एका पुस्तकात मला याचे उत्तर सापडले. फाम आणि टेलर या दोघा संशोधकांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. परीक्षेआधी काहींना उत्तम गुण मिळाल्याचे चित्र रोज डोळ्यांसमोर आणायला सांगितले होते आणि काहींना आपण अभ्यास कसा करत आहोत याचे, म्हणजे टेबल, वेळ, उघडलेले पान, बंद केलेला दूरचित्रवाणी संच, असे सगळे. दुसऱ्या प्रकारच्या मुलांनी अभ्यासही अधिक केला आणि गुणही अधिक मिळवले. मी पाटी काढली आणि रात्री झोपताना सकाळी उठून राज्यघटनेचे कोणते प्रकरण उघडणार एवढेच पाहू लागलो. पद मिळाले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. आज मी न्यायालयात लिपिक आहे, आणि विभागीय परीक्षा त्याच पद्धतीने उत्तीर्ण झालो.

चकलीचा_सोऱ्या :
याला आमच्याकडे मनातले मांडे म्हणतात, आणि ते खाऊन पोट भरत नाही. मात्र माझी आजी या शास्त्रात तुमच्या कार्यशाळेच्या पुढे होती. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून घरात ‘तांदूळ संपले’ असे म्हणायचे नाही, ‘वाढले’ म्हणायचे, असा तिचा दंडक होता. तसे म्हणून झाल्यावर आजोबांच्या हाती पिशवी देऊन त्यांना वाण्याकडे धाडण्यात तिने कधी हयगय केली नाही.

मोगरा_दारी :
सोऱ्या, आजींना आमच्या कार्यशाळेत बोलवायला हवे होते. पिशवीचा भाग तिथे शिकवलाच नव्हता.

निफाडची_बाग :
ताई, आमचा द्राक्षबागेचा सगळा धंदाच डोळ्यांसमोर चित्र ठेवून करायचा आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत, काडीवरच्या डोळ्यांच्या, म्हणजे कोंबांच्या, आत, पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला नुसती पाने दिसतात. त्या दिवसांत आभाळ भरून राहिले, ऊन कमी पडले, तर घड कमी धरतात, आणि ते आपल्याला कळते ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर, म्हणजे काही करण्याची वेळ निघून गेल्यावर. म्हणून छाटणीआधी आम्ही काड्या प्रयोगशाळेत तपासायला देतो. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात, त्यावरून कुठे कापायचे ते ठरते. वडील मात्र अहवाल हातात येण्याआधीच वेलीपाशी उभे राहून बोट ठेवत, आणि पुष्कळदा ते बरोबर निघे.

मनात भरगच्च मंडप मीही पाहतो. पण त्याच वेळी डावणी आणि भुरी हे रोग, फुलोऱ्यातला पाऊस आणि मणी तयार झाल्यावरचा अवकाळी पाऊस, हेही पाहावे लागते, कारण ज्याच्या मनात फक्त माल भरलेली गाडी असते त्याच्याकडे फवारणीचा पंप नादुरुस्त पडलेला असतो. आभाराचे म्हणाल, तर आता बैल नाहीत, तरी पोळ्याला आई ट्रॅक्टरला हळदकुंकू लावून पुरणपोळी दाखवते. मला आधी हसू येत असे. परंतु त्या एका दिवशी यंत्राकडे नीट लक्ष जाते, आणि कुठली पट्टी झिजली आहे, कुठून तेल गळते आहे, तेही दिसते.

पेठेतला_बाक :
दादा, निफाडचे बेदाणे मिळतील का? विषय सोडून विचारल्याबद्दल क्षमस्व.

निफाडची_बाग :
बेदाण्यासाठी तासगावकडे विचारा. आमच्याकडे खाण्याची द्राक्षे. फेब्रुवारीत या, बागेतच खा.

तिहाई :
मी तबला शिकतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. आमच्याकडे वाजवण्याआधी पढंत असते, म्हणजे बोल तोंडाने म्हणून, हाताने टाळी-खाली धरून, कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, आणि त्याचे पलटे, म्हणजे त्याच बोलांची उलटसुलट रूपे, पूर्ण करायचे. गुरुजी म्हणत, जे तोंडात नीट नाही ते हातात येणार नाही. ठाण्याहून मुंबईला जाताना लोकलमध्ये तबला मांडता येत नाही, तेव्हा मी मांडीवर बोटे न हलवता संपूर्ण कायदा मनात वाजवतो. डग्ग्यावर मनगट कुठे दाबले जाते, तिरकिट घेताना कोणते बोट उशिरा उठते, तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवायच्या तुकड्याचा, शेवटचा ‘धा’ समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो की आधीच उडतो, हे सगळे डोळे मिटून तपासता येते. मनात चुकले की हातही तिथेच चुकतो, हा माझा हमखास अनुभव आहे. टाळ्यांचे चित्र मात्र मी कधी पाहत नाही, कारण ते सुरू झाले की लय वाढते.

पोहण्याचा उल्लेख झाला म्हणून आठवले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि त्याला पुढचे काही दिसेनासे झाले. तो हातांचे वल्हे मोजत भिंतीपर्यंत गेला, सुवर्णपदक जिंकला आणि विश्वविक्रमही केला. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याच्याकडून शर्यत मनात पुन्हापुन्हा पोहून घेत, आणि त्यात बिघडलेली शर्यतही असे. व्यासपीठावरच्या पदकाचे चित्र त्या क्षणी त्याच्या कामी आले नसते.

नीलमोहर :
मला या विषयाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला कर्करोग झाला तेव्हा नात्यातली आणि ओळखीची माणसे फळे घेऊन येत आणि जाताना सांगून जात, की तू बरी झाल्याचे चित्र रोज पाहा, पेशी आपोआप ऐकतात. पहिले काही दिवस तिने ते मनापासून केले. पुढे केमोनंतर रक्तातल्या पेशी घटल्या, उपचार पुढे ढकलावे लागले, तेव्हा तीच माणसे विचारू लागली, “तुझा विश्वास कुठे कमी पडतोय का?” ज्या बाईला उलट्यांमुळे पाण्याचा घोट राहत नाही, तिच्यावर आजारी राहिल्याचा दोषही टाकायचा, हे मला आजही सहन होत नाही. २००७ साली डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णाची मनःस्थिती चांगली असण्याचा त्याच्या आयुर्मानाशी संबंध आढळला नाही. ती बातमी वाचून दाखवल्यावर बहीण किती तरी दिवसांनी मोकळेपणाने रडली, आणि नंतर जेवली.

आभार मानण्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. बहीण रात्री मला त्या दिवसाची एक बरी गोष्ट सांगायला लावत असे. परिचारिकेने पहिल्या प्रयत्नात शीर शोधली, एवढीही पुरत असे. मी सांगितली नाही तर ती मला झोपू देत नसे.

मोगरा_दारी :
नीलमोहर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बहीण आता कशी आहे?

नीलमोहर :
बरी आहे. दर काही महिन्यांनी तपासणीला जातो. सध्या तिला स्कूटर हवी आहे आणि त्यासाठी ती चित्र पाहत नाही, भिशी भरते.

शंकासुर :
मानसशास्त्र शिकवतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो. गॅब्रिएल एटिंगन या जर्मन संशोधिकेने थॉमस वॉडन यांच्यासह १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या उपक्रमातील स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला यश येईल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचे वजन अधिक उतरले, पण बारीक झाल्याची गोडगोड दिवास्वप्ने पाहणाऱ्यांचे कमी उतरले. दोन्ही एकच वाटतात, तरी परिणाम उलट. स्वप्नात गोष्ट मिळून गेली की शरीरही सैलावते आणि कामाला लागणारा जोर ओसरतो, असे त्यांच्या पुढील प्रयोगांतून दिसले. म्हणून त्यांनी चार पायऱ्या सुचवल्या : आधी इच्छा, मग तिच्या पूर्तीचे चित्र, लगेच आपल्याच आतला अडथळा, आणि शेवटी ‘असे झाले तर मी असे करीन’ ही योजना. निफाडच्या दादांनी हेच आधी सांगून टाकले आहे, तेव्हा माझे व्याख्यान इथेच आटोपतो.

वरच्या स्वप्नफलकाबद्दल एक मत देतो. बंगला आणि आगगाडी ही कार्यशाळेची स्वप्ने होती, मोगराताईंची नव्हती. पुरवणीत जे छापलेले असते तेच कापता येते.

मोगरा_दारी :
सर, हे बरोबर आहे. तिथे ठेवलेल्या गठ्ठ्यात पोहणाऱ्या बाईचे चित्रच नव्हते.

एडिसनची_आत्या :
न्यू जर्सीत राहून नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, आभार मानायला आम्हीही शिकलो. जेवणाआधी प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची असते. टर्की आमच्याकडे नसते, श्रीखंड असते. त्या उत्साहात मी कृतज्ञतेची वही सुरू केली आणि रोज लिहू लागले. थोड्याच दिवसांत वहीत चहा, सूर्यप्रकाश, कुटुंब, पुन्हा चहा, असे दिसू लागले आणि लिहिताना काही वाटेनासे झाले. मुलाने शोधून दिले, की एमन्स आणि मॅकलो यांच्या २००३ च्या ज्या अभ्यासाचा सगळे दाखला देतात, त्यातल्या एका प्रयोगात लोक आठवड्यातून एकदाच, पाच गोष्टी, असे दहा आठवडे लिहीत होते. तक्रारी लिहिणाऱ्यांपेक्षा ते पुढच्या आठवड्याबद्दल अधिक आशावादी आढळले. सोन्या ल्युबोमिरस्की यांच्या प्रयोगातही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही.

आता मी रविवारी लिहिते आणि माणसाचे नाव घालून लिहिते, नेमके काय केले त्यासह. शेजारणीने बर्फ काढताना आमचीही पायवाट मोकळी केली, असे. एवढे लिहिले की सोमवारी तिच्याकडे डबा पोचवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणजे वहीचे काम वहीबाहेरच होते.

चकलीचा_सोऱ्या :
आत्या, डब्यात काय होते ते लिहिले नाही. आणि ती ३६९ पद्धत कोणी केली आहे का, सकाळी ३ वेळा, दुपारी ६ वेळा, रात्री ९ वेळा इच्छा लिहायची? माझ्या भाच्याने परदेशी नोकरीसाठी वह्या भरल्या. नोकरीचे अजून कळलेले नाही, पण अक्षर सुधारले.

एडिसनची_आत्या :
साबुदाण्याची खिचडी. तिला शेंगदाण्याचे वावडे नाही, हे आधी विचारून घेतले होते.

लेथवाला :
भोसरीत माझा छोटा वर्कशॉप आहे. तो होण्याआधी दुसऱ्याच्या कारखान्यात लेथ, म्हणजे धातू कातायचे यंत्र, चालवत होतो. जागा भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा सुट्टीच्या दिवशी इमारतीच्या गच्चीवर खडूने गाळा आखला. खऱ्या मापाने, दहा फूट बाय वीस फूट. त्यात लेथ, ड्रिलिंग मशीन, ग्राइंडर, कच्च्या मालाचा रॅक, सगळे चौकोन काढले आणि मध्ये उभा राहून कामाचा दिवस चालून पाहिला. बार, म्हणजे धातूची सळई, रॅकवरून उचलायचा, वळायचा, चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायचा. तेव्हा लक्षात आले, की लेथ भिंतीला समांतर ठेवली तर लांब बार स्पिंडलमधून, म्हणजे लेथच्या फिरत्या पोकळ दांड्यातून, मागे निघाल्यावर दरवाजात येतो. पुसले, तिरकी आखली. बायको कपडे वाळत घालायला आली, तिने विचारले की हिशेब लिहायला कुठे बसणार. त्यासाठी जागाच ठेवली नव्हती, ती तिने स्वतः खडूने काढली आणि आजही तिथेच बसते.

खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून, झेंडू वाहून पूजा होते आणि त्या दिवशी ती चालवायची नाही. ज्या जुन्या मालकांकडे मी शिकलो, त्यांना पूजेच्या आधी मी माझ्याकडच्या मुलांकडून फोन लावून घेतो. ते दर वर्षी एकच विचारतात, “स्लाइडवेला तेल घातलंस का?”

पेठेतला_बाक :
लेथवाले काका, गच्चीवरचा आराखडा किती दिवस टिकला? मला अभ्यासाच्या खोलीसाठी हे करून पाहायचे आहे.

लेथवाला :
पाऊस येईपर्यंत. त्याआधी वहीत मापे उतरवून घे, आणि खुर्ची मागे सरकवायला दोन फूट सोड, ते सगळे विसरतात.