चाललेल्या कॅलरी परत खायच्या का?

वजन कमी करायच्या अ‍ॅपने दिवसाला १५०० कॅलरी दिल्यात, चालून ३०० जळाल्या, मग १८०० खाल्ल्या तर चालतील का, असं विचारलंय तुम्ही. आधी सेटिंग बघा. तिथे 'मध्यम सक्रिय' निवडलं असेल तर तुमचं चालणं त्या १५०० मध्ये आधीच धरलेलं आहे. वर ३०० खाल्ल्यात की तूट (म्हणजे खर्चापेक्षा जेवढं कमी खाता ते) तेवढी कमी झाली. 'बैठं काम' निवडलं असेल तर थोडं खायला हरकत नाही, पण माझ्या मते निम्म्याच्या वर नको. फिटनेसची घड्याळं बरेचदा एकूण खर्च दाखवतात. चालण्याऐवजी तासभर सोफ्यावर लोळला असतात तरी ६०-७० जळाल्याच असत्या, त्याही त्यात धरलेल्या असतात.

आणि तेल मोजता का? 'पोहे १ प्लेट' टाकून आपण मोकळे होतो, पण फोडणीतलं १५ मिली तेल म्हणजेच साधारण १२० कॅलरी. पोळीवरचं तूप वेगळं. (दाण्याच्या कुटाबद्दल तर बोलायलाच नको!) काही दिवस तरी कढईत तेल चमच्याने मोजूनच घाला.

काटा रोज बघून वैतागू नका. आदल्या रात्री लोणचं-पापड हाणलं की सकाळी वाढलेलं वजन अंगात साठलेल्या पाण्याचंच असतं. आठवड्याची सरासरी धरा.