विषय: जुनी गाडी पुढून थरथरते

नमस्कार मंडळी,
मुलीसाठी घेतलेली 2008 ची सेडान (फ्रंट व्हील ड्राइव्ह) ताशी 60 मैलांच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरतं, 75 ला जरा कमी होतं. गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही ॲक्सल (पुढची चाकं फिरवणारे दांडे) बदला. शनिवारी ती कॉलेजला परत निघणार, सगळा रस्ता आय-94 हायवेचा. कोणाला यातलं कळत असेल तर प्लीज सांगा.

---

ताई, ॲक्सलचे पैसे इतक्यात देऊ नका. 65 ला असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून बघा. थरथर लगेच गेली तर आतल्या सीव्ही जॉइंटवर (ॲक्सलच्या टोकाच्या सांध्यावर) संशय. तो इंजिनाचा जोर पडला की जास्त त्रास देतो. फक्त ब्रेक मारल्यावर हलत असेल तर ब्रेकची डिस्क. दोन्ही वेळा फरक पडला नाही, तर टायर किंवा रिम. मागच्या चाकाचा दोष असता तर बहुधा स्टिअरिंगऐवजी सीट हलली असती.

---

काका, पाय काढला तरी तस्संच. ब्रेकला काहीच नाही.

---

मग ॲक्सल राहू द्या, टायर बघा. ठरावीक वेगाला वाढून पुढे कमी होणं हे चाकाचं बॅलन्सिंग बिघडल्याचं नेहमीचं लक्षण. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. 3514 म्हणजे 2014 सालचा 35 वा आठवडा. एवढा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी मी मुलीला देणार नाही. गाडी थंड असताना टायरवरून सगळीकडे हात फिरवा. एखाद्या जागी उंचवटा लागला तर आतले पट्टे सुटलेत. तिथे बॅलन्सिंगचा उपयोग नाही, आणि तो टायर हायवेला फुटू शकतो.

आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) गंजाचा थर चढतो आणि चाक सपाट बसत नाही. चाक काढलं की हब तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायचा, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, शेवटी टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराने आवळायच्या पान्याने). पुढची बाजू उचललेली असताना चाक डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवायचं. खेळ लागला तर टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा). वर-खाली धरून हलवताना लागला तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. हे मात्र नुसत्या जॅकवर करू नका.

माझ्याकडे उचललेल्या गाडीखाली लावायचे स्टँड आहेत, गुरुवारी संध्याकाळी गाडी घेऊन या. उंचवटा सापडला तर गाडी जागची हलवू नका, फोन करा, मीच येतो.