नागपूर: वस्तीतल्या छोट्या कलादालनात चार प्रदर्शनं लावायचीत, सल्ला द्या

जुनी_लायब्ररी
मंडळी, नमस्कार. आमच्या वस्तीतलं वाचनालय बंद पडलं, पुस्तकं दुसऱ्या वाचनालयाला दिली, आणि ३० बाय १८ फुटांची खोली मागे उरली. पश्चिमेला तीन खिडक्या. वर्गणी काढून रंग मारला, आता तिथे समकालीन कलेची चार प्रदर्शनं करायचा बेत आहे. मी बँकेतून निवृत्त, बाकीचे सहा जणही चित्रकलेत माझ्याइतकेच अडाणी. आमचा कच्चा आराखडा असा: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उद्‌घाटन, मग दर सव्वा महिन्याला नवं प्रदर्शन चार-चार दिवसांचं, शेवटचं एप्रिलमध्ये. पहिल्यात विदर्भातल्या तीसेक चित्रकारांची एकत्र चित्रं लावू म्हणतोय. कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा. पैसे अर्थातच कमी आहेत.

तर्री_जास्त
काका, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काहून करून राहिले? तेव्हा बहुतेक अधिवेशन सुरू असते. झिरो माइलकडे मोर्चे, सिव्हिल लाइन्सले बॅरिकेड, बाहेरगावच्या चित्रकाराले हॉटेलात खोली भेटत नाही, भेटली तर दुप्पट भाव. त्यापेक्षा दिवाळी आटोपली की नोव्हेंबरात सुरू करा. अन चार दिवस म्हणजे काय भाऊ! पहिला दिवस भाषणात जाते, शेवटचा चित्रं उतरवण्यात. शेजारच्याले कळेस्तोवर तुमचं शटर बंद.

ड्रॉइंग_सर
तर्रीभाऊंशी सहमत. किमान तीन आठवडे ठेवा, त्यात तीन रविवार यायला हवेत. चारऐवजी तीनच प्रदर्शनं झाली तरी हरकत नाही.

तीस चित्रकारांचा विचार मात्र मनातून काढा. ती जत्रा होते. प्रत्येकाचं एक चित्र, भिंत गच्च, आणि चित्रकार येऊन विचारणार की माझं कोपऱ्यात का. तुमच्या भिंतींवर १८ ते २० मध्यम चित्रंच नीट श्वास घेतील. चौघे घ्या, प्रत्येकाची पाच कामं. पाच कामं पाहिली की माणूस काय शोधतोय ते सामान्य बघणाऱ्यालाही उमगायला लागतं. एकात नाही उमगत.

टांगणीचं गणित लिहून ठेवा. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. फ्रेम ३० इंच उंच असेल तर मध्यापासून वर १५. मागची तार ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून ३ इंच खाली येत असेल तर ते वजा. म्हणजे खिळा ७० इंचांवर. सगळ्या चित्रांचे मध्य एका रेषेत आले की खोली आपोआप शांत दिसते. आपल्याकडे वरच्या कडा जुळवतात, त्याने घात होतो. दर वेळी भिंतीला भोकं पाडण्यापेक्षा एकदाच वर रेल बसवून घ्या आणि तारांवर टांगा.

जाता जाता: प्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जाण्याआधी आपल्या नागपुरातच चित्रकला शिकले. मंडला जिल्ह्यातलं पोरगं १९३९ साली इथे आलं. त्यांच्या चित्रांतल्या गाजलेल्या बिंदूचे मोठे मोठे फ्लेक्स लावणाऱ्या शहरांत आपला नंबर शेवटून पहिला असेल, पण हे तुमच्या मुलांना सांगा.

कागदवाली
मी छापचित्रं करते, एचिंग आणि वुडकट, म्हणजे आम्लाने खोदलेल्या धातूच्या पत्र्यावरून किंवा कोरलेल्या लाकडी फळीवरून कागदावर घेतलेले ठसे. एप्रिलबद्दल लिहायलाच हवं, कारण मी त्यात पोळले आहे.

काही वर्षांपूर्वी एका हॉलमध्ये एप्रिलअखेर माझी २२ छापचित्रं लागली होती. बाहेर ४३ अंश, आत आयोजकांनी मायेने दोन मोठे कूलर लावले. ओल्या ताट्यांवरून येणारी हवा थेट भिंतीवर. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर काचेआड कागदाला लाटा आलेल्या, पापडासारख्या. चार चित्रांचा कागद काचेला चिकटला होता, कारण फ्रेमवाल्याने मधे माउंटच, म्हणजे काच आणि कागदात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घातला नव्हता. सोडवताना एकाची काळी शाई काचेवरच राहिली. भरपाई मागायला हातात कागद नव्हता, सगळं तोंडी ठरलेलं.

म्हणून: कागदावरची कामं थंडीतच दाखवा. उन्हाळ्यात करायचंच असेल तर शिल्पं, सिरॅमिक किंवा व्हिडिओ ठेवा. चित्र ताब्यात घेताना पुढून-मागून फोटो काढा, कुठे ओरखडा आहे ते लिहा, दोघांनी सही करा. विकलं गेलं तर दालनाचा वाटा किती, चित्रकाराला पैसे किती दिवसांत, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, हे एका पानात मावतं. तेवढं पान असलं की संबंध टिकतात.

आणि पश्चिमेच्या खिडक्या! चारनंतर तिरकं ऊन थेट समोरच्या भिंतीवर येणार. जलरंग आणि छापचित्रांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच उजेड असावा, तैलरंगाला २०० चालतो. खिडक्यांना जाड मांजरपाटाचे दुहेरी पडदे लावा. ट्यूबलाइट नको, काचेत बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. वरून तिरके फोकस लावा.

महालचा_माणूस
मला एक कळत नाही. वस्तीतल्या लोकांना समकालीन कला हवी कशाला? निसर्गचित्रं, गणपती, जुना सीताबर्डी किल्ला असं काही लावा. लोक येतील, विकतही घेतील. नाही तर तीन जण येऊन ‘छान आहे’ म्हणून निघून जातील.

ड्रॉइंग_सर
महालकर, तुम्ही तर असं म्हणूच नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याच दारावरून मारबती, म्हणजे इडा पिडा घेऊन जाणाऱ्या बायांचे पुतळे, मिरवत जातात ना? मागे बडगे, म्हणजे मिरवून शेवटी जाळायचे पुरुषांचे पुतळे. कागद, बांबू, चिंध्या, गळ्यात पाटी, विषय यंदाचा: महागाई, खड्डे, एखादा पुढारी. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत पोरं ओरडतात. त्यातली प्रत्येक खोच रस्त्यावरच्या माणसाला कळते, कोणी समजावून देत नाही. मग चार भिंतींत आल्यावरच त्याला समजणार नाही असं का धरायचं? बडगे बनवणाऱ्यांना घेऊनच एक प्रदर्शन करा म्हणतो मी.

महालचा_माणूस
बडग्यांचं मान्य. पण ते दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकवून ठेवलेले बघवत नाहीत. ते जळायलाच हवेत.

तर्री_जास्त
हे मात्र बरोबर बोलले. बनवतानाच दाखवा, मग मिरवणुकीत जाऊ द्या. दालनात रिकामी जागा अन फोटो राहू द्या.

कागदवाली
हे फार आवडलं! ऑगस्ट-सप्टेंबरात बसेल. दमट हवेत मी माझे कागद बाहेर काढत नाही, पण बडग्यांना काय त्याचं.

अजून एक. छापचित्रांखाली पेन्सिलने ८/२५ असं लिहिलेलं असतं. २५ प्रतींपैकी ही आठवी. लोक हमखास विचारतात, ‘छापलेलं आहे तर ओरिजिनल कसं?’ दालनात रोज एक जण हजर हवा, ज्याला याचं उत्तर देता येईल आणि जो न विचारता गळ्यात पडणार नाही. भिंतीवरच्या सनबोर्डच्या पट्टीवर नाव, माध्यम, साल आणि मोजून तीन ओळी. ‘अमूर्ततेचा आत्मशोध’ छाप मजकूर लिहायचा नाही. किंमत लपवू नका, लोक विचारायला लाजतात.

नव्याने_बघणारी
मी चित्रकार नाही, फक्त बघायला जाते. चिटणवीस सेंटर, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, लोकमत भवनातली दर्डा आर्ट गॅलरी असं जमेल तसं. माझ्याकडून दोनच गोष्टी. संध्याकाळी आठपर्यंत उघडं ठेवा, पाचला बंद होणाऱ्या दालनाचा नोकरदारांना उपयोग नाही. आणि बसायला एक बाक ठेवा. माझी आई गुडघ्यांमुळे दहा मिनिटांत दारापाशी जाऊन उभी राहते, मग मलाही निघावं लागतं.

जुनी_लायब्ररी
सगळ्यांचे आभार. रात्री समितीत वाचून दाखवलं. बाक वाचनालयाचेच दोन आहेत, माळ्यावरून काढतो. ठरलं ते असं: नोव्हेंबरात चौघांचं, जानेवारीत छापचित्रं, फेब्रुवारीअखेर सिरॅमिक, आणि चौथं थेट पोळ्याला बडगे. कूलर आमच्या एका सदस्यांनी देणगी म्हणून आधीच कबूल केलाय, त्यांना कसं नाही म्हणायचं ते बघतो. कागदवाली ताई, तुमच्या त्या एका पानाचा नमुना मिळेल का?

कागदवाली
पाठवते. कूलर घ्या हो काका, बाहेर व्हरांड्यात चहाच्या टेबलाशी लावा.