किनाऱ्याने चालताना कोण भेटलं? ऑस्ट्रेलियातले अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियात राहणारे किंवा खास येऊन इथल्या किनाऱ्याने मुक्काम करत चाललेले, अशा सगळ्यांसाठी हा धागा आहे. गाडीच्या काचेतून दिसलेली कांगारू आणि प्राणिसंग्रहालयातले कोआला दुसरीकडे लिहा. इथे फक्त पायी चालताना, मित्रमैत्रिणींच्या सोबतीने जे दिसलं ते लिहायचं. आणि एक आग्रह: तो प्राणी दिसायच्या आधी कशावरून कळलं, तेही सांगा. इथले बरेचसे सस्तन प्राणी रात्री हिंडतात. दिवसा चालणाऱ्याला आधी भेटतात त्या त्यांच्या खुणा: लेंड्या, ओरखडे, उकरलेली माती, आवाज. त्या वाचता येऊ लागल्या की वाटेचा रंगच बदलतो.

सुरुवात मी करते.

आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी. पुण्यात होतो तेव्हा दर पावसाळ्यात सह्याद्रीत असायचो. आता कुणी मेलबर्नला, कुणी ॲडलेडला, एक अजून पुण्यातच. तीही आली आणि आम्ही व्हिक्टोरियातला ग्रेट ओशन वॉक केला. अपोलो बे गावापासून ट्वेल्व्ह अपॉसल्सच्या सुळक्यांपर्यंत शंभरेक किलोमीटर. ही वाट 2006 मध्ये खुली झाली. ग्रेट ओशन रोडवरून गाडीने जाणाऱ्यांचा हा भाग एका दिवसात उरकतो. पायी मात्र आधी उंच निलगिरीचं ओलं जंगल, मग किनारा, मग पुन्हा कड्यावरची झुडपं असं सावकाश उलगडत जातं.

ब्लँकेट बेच्या मुक्कामी रात्री तंबूच्या डोक्यावरच कुणीतरी घोरायला लागलं. श्वास आत घेताना घोरणं, सोडताना मोठा ढेकर, असं लागोपाठ. पुण्याची मैत्रीण उठूनच बसली, तिला रानडुक्कर वाटलं. तो कोआलाचा नर होता. एवढ्याशा जिवाचा इतका खर्जातला आवाज कुठून येतो, याचं उत्तर 2013 मध्ये मिळालं: नेहमीच्या स्वरतंतूंखेरीज त्याच्या घशात वरच्या बाजूला आणखी एक जाड जोडी असते आणि तिच्यातून हा आवाज निघतो. सकाळी आम्ही झाड शोधलं. मॅना गम या निलगिरीच्या जातीच्या गुळगुळीत खोडावर नखांचे ताजे ओरखडे, बुंध्याशी बोराच्या आठळीएवढ्या लेंड्या, चुरगळल्या तर निलगिरीचा वास. मान वर केली तर दुबेळक्यात महाराज झोपलेले, छातीवर गंधग्रंथीचा तपकिरी डाग.

तिथून केप ओटवेकडे जाताना मात्र वाळलेली मॅना गम उभी दिसली. या भागात कोआला इतके वाढले की त्यांनी स्वतःचीच झाडं ओरबाडून खाल्ली. 2013 आणि 2014 मध्ये उपासमारीने खंगलेल्या जवळजवळ 700 कोआलांना सरकारी खात्याने भूल देऊन मारलं, आणि ते लोकांना कळलं 2015 मध्ये. एका फांदीआड एक असे कोआला दिसले की आपल्याला आनंद होतो. मला आता आधी झाडाचा शेंडा बघायची सवय लागली आहे. पानं दाट असतील तरच त्या दिसण्याचा आनंद खरा.

आता तुम्ही लिहा.

बॅलरॅटहून

ताई, तुमच्याच वाटेवरचं जोडते. जोहाना बीचच्या लांबलचक वाळूवर आमच्या पुढे दोन छोटे पक्षी सारखे थोडं पळायचे, थांबायचे, मागे बघायचे. काळं डोकं, लाल चोच. बरोबरची मैत्रीण पक्षीवेडी. ती म्हणाली, थांबा सगळ्या, आपण यांच्या घरात उभ्या आहोत. ते हूडेड प्लोव्हर होते. हे पक्षी ऑगस्ट ते मार्चमध्ये भरतीच्या रेषेच्या वर उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात. अंड्यांचा रंग असा की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्षी असा पुढे पळतो तेव्हा तो आपल्याला घरट्यापासून लांब नेत असतो. तुम्ही त्याच्या मागे फोटो काढत बसलात की तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात नाहीतर कावळ्याला सापडतात.

त्यानंतर आम्ही ओल्या वाळूवरूनच चाललो, पाण्याच्या अगदी कडेने. बर्डलाइफ ऑस्ट्रेलियाचे स्वयंसेवक अशा घरट्यांभोवती दोरी आणि पाट्या लावतात. वेळासला कासवांच्या घरट्यांभोवती लावलेली जाळी मी पाहिली होती, म्हणून की काय, ती दोरी दिसली की फार बरं वाटतं.

मेलबर्नहून, विल्सन्स प्रॉमोन्टरीबद्दल

आम्ही ऑफिसातले मित्र, त्यात दोन मराठी, एक तमिळ, एक इथलाच. प्रॉमच्या पूर्वेकडच्या फेरीला गेलो होतो: टेलिग्राफ सॅडलवरून उतरून सीलर्स कोव्ह, रेफ्यूज कोव्ह, मग लिटल वॉटर्लू बे आणि परत. सीलर्स कोव्हला खाडी ओलांडावी लागते. ओहोटी साधली तर गुडघाभर पाणी, नाही साधली तर कमरेच्या वर. एकोणिसाव्या शतकात इथे सील मारणारे उतरायचे, नाव त्यावरूनच पडलं.

आमची खूण म्हणजे चौकोनी लेंड्या! खरोखर चौकोनी, फाशांसारख्या. दगडावर, पडलेल्या ओंडक्यावर, मुद्दाम उंचावर ठेवल्यागत. वॉम्बॅट (बिळात राहणारा गुबगुबीत गवतखाऊ प्राणी) हद्द सांगायला त्या ठेवतो. त्याच्या आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, काही भाग ताठ आणि काही सैल, म्हणून विष्ठेला कोपरे येतात. या संशोधनाला 2019 चं इग नोबेल (गमतीदार संशोधनाचं पारितोषिक) मिळालं.

खुद्द वॉम्बॅट भेटला शेवटच्या संध्याकाळी टायडल रिव्हरला. पाठीवरची ओझी उतरवून गवतात बसलो होतो आणि तो आमच्याकडे ढुंकूनही न बघता चरत चरत जवळून गेला. गवत तोडल्याचा करकर आवाज अजून कानात आहे. मादीच्या पोटाची पिशवी मागच्या बाजूला उघडते, म्हणजे बीळ खणताना पिल्लावर माती उडत नाही. आणि शत्रू मागे लागला तर हा बिळात डोकं घालतो आणि टणक कूर्चेचं बूड दाराशी लावतो. लांडगे-कोल्ह्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या मुलांना हा प्राणी सांगायलाच हवा.

एक विनंती: अंगावरचे केस गेलेला, कातडी खपलीसारखी झालेला वॉम्बॅट दिसला तर ती खरूज असते. माइट नावाच्या बारीक किड्याने होते, आणि उपचार न झाल्यास प्राणी मरतो. फोटो आणि जागा वनरक्षकांना कळवा.

पर्थहून

आमचा केप टू केप. केप नॅचुरलिस्टच्या दीपगृहापासून केप ल्युविनच्या दीपगृहापर्यंत सुमारे सव्वाशे किलोमीटर. मैत्रिणी आणि त्यांचे नवरे असा गट, त्यामुळे गप्पाच जास्त. या अंगाला हिंद महासागर आहे, रत्नागिरीला ज्याचा अरबी समुद्र होतो तोच. सासऱ्यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, मग मासे कुठले मिळतात?

आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो. तेव्हा हंपबॅक देवमासे वरच्या उबदार पाण्यातून पिल्लांना घेऊन अंटार्क्टिकाकडे परततात आणि आया अगदी काठाजवळून चालतात. लांबून फवारा दिसतो. आम्ही शिकलो ती दुसरीच खूण. बुडी मारताना शेपटीच्या जोराने पाण्यावर एक गुळगुळीत गोल चकती उमटते. वारा असला तरी त्या चकतीवर तरंग नसतात. एकामागे एक चकत्या दिसल्या की दिशा कळते, आणि पुढे कुठे बघायचं तेही. याच किनाऱ्यावर 1963 पर्यंत हंपबॅकची शिकार चालायची, तेव्हा थोडेच उरले होते. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. माणसाने हात आखडता घेतला की निसर्ग सावरतो, याचा इतका मोठा पुरावा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

जंगलाच्या पट्ट्यात मारी नावाच्या झाडांखाली कुरतडलेल्या बोंडांचा खच होता. ही काळ्या काकाकुव्यांची करामत. त्यातल्या बॉडिन्स जातीची चोच लांब, ती बी अलगद उचलते, बोंडावर ओरखडा जेमतेम. लाल शेपटीचा काकाकुवा मात्र बोंडाची कडाच कातरून टाकतो. एका मित्राने खिशात बोंडं भरून वाटभर तेच काम केलं. बोंड पाहून पक्षी ओळखायचा आणि मग वर शोधायचा.

शुगरलोफ रॉकला लाल शेपटीचा ट्रॉपिकबर्ड दिसतो का ते बघायला थांबा, एवढंच सांगते.

होबार्टहून

टास्मानियात थ्री केप्स ट्रॅक आहे. 48 किलोमीटर, चार दिवस, मुक्कामाला लाकडी घरं, 2015 च्या डिसेंबरात सुरू झाला. तंबू वाहायचा नसल्याने दुर्बीण नेता येते. पोर्ट आर्थरहून होडीने सोडतात. होडीतूनच खडकांवरचे सील दिसले.

मला लिहायचंय ते मुंग्या खाणाऱ्या काटेरी एकिडनाबद्दल. केप पिलरच्या वाटेवर कडेच्या मातीत शंकूसारखे खळगे दिसत होते, नाक खुपसून केलेले. खळग्यातली माती अजून ओली आणि मुंग्या सैरावैरा. म्हणजे पाहुणा आत्ताच गेला. आम्ही पाचही जण जागच्या जागी थांबलो. एकिडनाला नीट दिसत नाही, पण जमिनीतली थरथर लगेच कळते, त्यामुळे पाय न हलवणं महत्त्वाचं. वारा त्याच्याकडून आमच्याकडे होता. थोड्या वेळाने झुडपातून तो डुलत डुलत आला आणि माझ्या बुटाला नाक लावून, हुंगून पुढे गेला. इथल्या एकिडनांच्या अंगावर थंडीमुळे इतके दाट केस असतात की काटे त्यातून जेमतेम डोकावतात. अंडी घालणारे सस्तन प्राणी जगात दोनच तऱ्हेचे, प्लॅटिपस आणि एकिडना. त्यातला एक माझ्या बुटाशी! आम्ही कुणी फोटो काढला नाही, हात हलवायचीच छाती नव्हती.

ब्रिस्बेनहून

क'गारी, म्हणजे 2023 पर्यंतचं फ्रेझर आयलंड. बुचुला लोकांनी आपल्या बेटाचं नाव परत मिळवलं. डिली व्हिलेजपासून हॅपी व्हॅलीपर्यंत नव्वद किलोमीटर, मधे वाळूवर साठलेली गोड्या पाण्याची तळी. त्यातलं बूमनजिन हे अशा प्रकारचं जगातलं सर्वात मोठं.

इथली खूण वाळूतली पावलं. पहाटे पुळणीवर गेलो तर आदल्या संध्याकाळच्या आमच्याच पावलांवर डिंगोची, म्हणजे इथल्या रानकुत्र्याची, पावलं उमटलेली होती. तो आमच्या मागून चालला होता आणि आम्हाला पत्ताही नव्हता. या बेटावर वाट चालताना गटात, एकमेकांच्या जवळ राहायचं. डिंगो समोर आला तर पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड करून हळू मागे सरकायचं, दोघं असलो तर पाठीला पाठ लावून उभं राहायचं. अन्न बंद पेटीत, तंबूत काहीही नाही. मुलं हाताच्या अंतरात. दुसऱ्या दिवशी तो दिसला, सडसडीत, तांबूस, शेपटीला पांढरं टोक. शांतपणे बघून गेला.

कृपा करून खायला घालू नका. दंड होतो हा मुद्दा वेगळा. माणसाच्या हातचं खाल्लेला डिंगो धीट होतो, अंगावर येतो, आणि मग त्याला मारावं लागतं. तुमच्या बिस्किटाची किंमत तो देतो.

सिडनीहून

आमचा फार मोठा प्रवास नाही, रॉयल नॅशनल पार्कचा कोस्ट ट्रॅक, बंडीनाहून ऑटफर्ड, 26 किलोमीटर, मधे नॉर्थ एराला तंबू. पण लिहितो, कारण मला तिथे ओळखीचं कुणीतरी भेटलं.

कड्यावर डबे उघडून बसलो होतो. एकदम खालचे सगळे सीगल ओरडत उठले. मी न बघताच म्हणालो, समुद्रगरुड. मित्रांना वाटलं मी थट्टा करतोय. तेवढ्यात तो वर आला: पांढरं पोट, पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले, आखूड शेपूट. माझं बालपण गुहागरचं. तिथे हाच पक्षी आहे, अगदी हीच जात, कोकणापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली. त्याच्या घरट्याच्या झाडाखाली आम्ही पोरं समुद्रसापांची हाडं वेचायचो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकण किनाऱ्यावर त्याची घरटी शोधून मोजली आहेत, तेव्हा कळलं की तो किती गावांच्या उंच झाडांवर अवलंबून आहे. तिथे घरट्याचं झाड तुटलं की मला इथे त्रास होतो. सिडनीच्या कड्यावर तो बघताना मला परदेशात आहे असं वाटलंच नाही.

नाशिकहून, एक प्रश्न

सगळं वाचून अंगावर काटा आला. आम्ही मैत्रिणी पुढच्या वर्षी येतोय, ग्रेट ओशन वॉकच करायचा विचार आहे. महिना कुठला बरा? आणि सापांचं काय?

धागाकर्तीचं उत्तर

या, नक्की या. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जानेवारी-फेब्रुवारीत वणव्याच्या धोक्याचे दिवस असतात आणि वाट बंद होऊ शकते. चुलीला परवानगी नाही, गॅसचा स्टोव्ह आणा. मुक्कामाला पावसाचं साठवलेलं पाणी असतं, ते उकळून किंवा शुद्ध करूनच प्या. काही पुळणी फक्त ओहोटीला पार होतात. भरतीचं वेळापत्रक रोज रात्री बघा आणि लाटा मोठ्या असतील तर वरची पर्यायी वाट घ्या. वाटेत बूट घासायच्या जागा येतील, त्या टाळू नका. आपल्या तळव्याच्या चिखलातून झाडांची मुळं कुजवणारा रोग एका रानातून दुसऱ्यात जातो.

साप आहेत, टायगर स्नेक आणि कॉपरहेड. उन्हाच्या दिवशी वाटेवर पडलेला असतो. थांबा, त्याला जाऊ द्या. जाड पायमोजे आणि गेटर (घोट्यापासून पोटरीपर्यंतचं जाड आवरण) घाला. प्रत्येकीच्या पिशवीत रुंद इलॅस्टिक बँडेज हवंच, पिशवीच्या तळाशी नको, बाहेरच्या कप्प्यात. चावलाच तर जखम धुवायची नाही, कापायची नाही. चावल्या जागेपासून सुरू करून पूर्ण पाय किंवा हात घट्ट गुंडाळायचा, फळी बांधायची आणि त्या व्यक्तीला एक पाऊलही चालू द्यायचं नाही. इमर्जन्सीचा नंबर 000. पण ओटवेच्या बऱ्याच भागात मोबाईलला रेंज नाही, म्हणून गटात निदान एक पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत आपली जागा कळवणारा छोटा ट्रान्समीटर) घ्या. भाड्यानेही मिळतो. तो कसा चालू करायचा हे निघायच्या आधी सगळ्यांनाच यायला हवं, फक्त जिच्या पिशवीत आहे तिलाच नाही.