२०० च्या बीआरएमला एनर्जी ड्रिंक घ्यावं का? सल्ला द्या

यवतेश्वरचा_चढ
मंडळी, मी साताऱ्याचा, वजन ७० किलो. पुढच्या महिन्यात पहिली २०० ची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची २०० किलोमीटरची सायकल राइड, साडेतेरा तासांत संपवायचीय. रविवारी सातारा-मेढा-महाबळेश्वर केलं, मेढ्यात टपरीवर एनर्जी ड्रिंकचा अख्खा कॅन रिकाम्या पोटी घटाघटा प्यायलो. केळघर घाटात सुरुवातीला पाय झकास चालले, पण मग मळमळायला लागलं, बोटं एवढी थरथरत होती की चिक्कीचा कागद फुटेना, शेवटी दातानं फाडला. बीआरएमला घेऊ का नको?

कृष्णाकाठ_सांगली
कॅफिननं फायदा होतो भावा, त्यात वाद नाही. थकवा जाणवून देणारं अ‍ॅडेनोसिन असतं त्याची मेंदूतली जागा ते अडवतं, म्हणून तोच चढ हलका वाटतो. पण अभ्यासात डोस असतो किलोमागं ३ ते ६ मिग्रॅ, साधारण तासभर आधी. आपल्याकडं नियमानं लिटरला जास्तीत जास्त ३०० मिग्रॅ, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये फार तर ७५. तुला कमीत कमी २१० लागणार, म्हणजे तीन कॅन, आणि दिवसाला ५०० मिलीच्या वर घेऊ नका असं कॅनवरच छापलेलं असतं. साखर बघितलीस का? बऱ्याच कॅनमध्ये पंचवीसेक ग्रॅम असते, एवढं घट्ट गोड पाणी रिकाम्या पोटी आणि वर घाट, मळमळणारच की.

घाटवेडी
मी कॅन सोडले. चिकोरी नसलेली कोरी कॉफी पिते, तीही खाल्ल्यावर, आणि सकाळी नाही तर शेवटचे ६०-७० किलोमीटर राहिले की, कारण खरी गरज तेव्हाच असते. बाकी दर तासाला खजूर, केळं, राजगिऱ्याचा लाडू आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, कॅफिन काय पोट भरत नाही दादा. बीपी, धडधड किंवा अ‍ॅसिडिटी असेल तर आधी डॉक्टरांना विचार. आणि संध्याकाळी घेतलंस तर झोपेचं खोबरं, निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं.

यवतेश्वरचा_चढ
बीपी वगैरे काही नाही. बंदी नाही ना पण याला?

कृष्णाकाठ_सांगली
नाही, वाडानं (खेळातलं डोपिंग रोखणारी जागतिक संस्था) कॅफिन २००४ लाच बंदीच्या यादीतून काढलंय. पण नवीन काहीही बीआरएमच्या दिवशी नको, आधी कास-बामणोलीला करून बघ.

यवतेश्वरचा_चढ
ठरलं, या रविवारी बामणोली. कॉफी थर्मासात, पोहे खाऊनच निघतो. कुणी येतंय का? पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावर.